चुकून आलेला पैसा आणि वसुलीची नोटीस



दिवेआगरसारख्या गावात इमामापुढे येणारे प्रश्न बहुधा नमाज, जकात, निकाह-तलाक किंवा वारसाहक्क यांविषयीचे असतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘पीएम किसान’ योजनेचे हप्ते खात्यात जमा झाले, घरखर्चात संपले, आणि पुढे केव्हातरी तहसील कार्यालयाचा कागद हाती पडला : आपण या योजनेस अपात्र आहात, मिळालेली सर्व रक्कम परत भरावी. कागद घेऊन येणारा माणूस रागावलेला असतो आणि मनातून थोडा शरमलेलाही असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, पैसे त्यांनी पाठवले, चूक त्यांची, मग भरपाई मी का करावी? दुसरा एखादा हळूच विचारतो : मौलाना, हा पैसा हराम होता का? मुलांच्या पोटात हराम गेले का?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की प्रामाणिक माणूस विनाकारण अपराधी ठरतो, किंवा दुसऱ्याचे धन आपले म्हणून ठेवून घेण्याची वाट मोकळी होते.

आधी व्यवहार नीट समजून घेऊ. ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर येथून सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांपुरती होती. त्याच वर्षी ती मर्यादा काढून टाकण्यात आली. मात्र काही कुटुंबे पहिल्यापासून वगळलेली होती. ज्या घरातील कोणी मागील करनिर्धारण वर्षात प्राप्तिकर भरला आहे, ज्या घरात दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन येते, ज्या घरात सरकारी नोकरी आहे (चतुर्थ श्रेणीचा अपवाद सोडून), ती घरे या लाभास पात्र नव्हती. ‘कुटुंब’ याचा अर्थ येथे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले असा धरलेला आहे. आपल्याकडे अडचण नेमकी येथेच झाली. वाडी पत्नीच्या नावावर, पती मुंबईत नोकरीला आणि त्याच्या पगारातून कर कापला जातो. अर्ज पत्नीचा, जमीन पत्नीची, सातबारा पत्नीचा. तिला वाटले आपण शेतकरी आहोत आणि ते खरेही होते. पण नियमानुसार ते कुटुंब अपात्र होते. याद्या घाईने झाल्या, पैसे आधी गेले आणि प्राप्तिकर खात्याच्या नोंदींशी पडताळणी मागाहून झाली.

या बाईने पाप केले का? नाही. जिला नियम ठाऊक नव्हता, जिने काही लपवले नाही, तिच्यावर गुन्ह्याचा डाग नाही आणि तिने मुलांना खाऊ घातलेल्या घासावरही नाही. पण पाप नसणे आणि देणे नसणे या दोन गोष्टी आपल्या फुकहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) फार काळजीपूर्वक निरनिराळ्या ठेवल्या आहेत. झोपेत कूस बदलताना एखाद्याचा पाय लागून शेजाऱ्याची तेलाची बरणी फुटली, तर झोपलेल्यावर गुन्हा लिहिला जात नाही, तरीही बरणीची किंमत त्याच्याकडे लागते. अजाण मुलाने दुसऱ्याचे नुकसान केले तर भरपाई त्या मुलाच्या मालातून होते. त्या मुलाला कोणी पापी म्हणत नाही. जमान, म्हणजे भरपाईचे दायित्व, हे मालाचे नाते आहे. ते हेतूवर अवलंबून नसते. हाताने जे घेतले ते परत पोहोचेपर्यंत त्या हाताच्या जिम्मे राहते, या आशयाची ह. समुरा (रजि.) यांची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवली आहे. तीत हात चोराचा की सज्जनाचा, असा भेद केलेला नाही.

‘चूक देणाऱ्याची’ या युक्तिवादाचेही उत्तर फिकहच्या नियमांत आहे. ज्या समजुतीची चूक उघड झाली, त्या समजुतीला पुढे आधार मानता येत नाही, हा नियम शाफिई पंथाचे इमाम सुयूती यांनी आणि हनफी पंथाचे इब्न नुजैम यांनीही आपापल्या ग्रंथांत घेतला आहे. एखाद्याने आपण तुमचे देणेकरी आहोत असे समजून तुम्हाला पैसे दिले आणि नंतर देणे नव्हतेच असे निघाले, तर ते पैसे त्याचे आहेत. दुकानदाराने पाचशेच्या नोटेची सुटी मोड देताना चुकून शंभर रुपये जास्त दिले, तर ‘चूक तुझी’ असे म्हणून आपण चालू लागत नाही. येथे दुकानदार डोळ्यांपुढे उभा असतो, एवढाच काय तो फरक.

सरकार डोळ्यांपुढे नसते, आणि म्हणूनच मन त्याच्या बाबतीत सैल होते. कोट्यवधींच्या खजिन्यात दोन हजारांचे काय, असे वाटते. पण तो खजिना कोणाचा? भरडखोलच्या कोळिणीने घेतलेल्या साबणाच्या वडीवर तिने कर भरला आहे. बोर्ली पंचतनच्या शिंप्याने दोऱ्याच्या रिळावर भरला आहे. खैबरच्या मोहिमेनंतर सामायिक मालातील एक चादर वाटणीपूर्वी घेणाऱ्या सेवकाविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जे कठोर शब्द काढले, ते ऐकून एक जण चपलेचा एक-दोन बंद घेऊन धावत आला, असे बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. चपलेच्या बंदाची किंमत ती काय! पण तो सर्वांचा होता. एका माणसाचे देणे असेल तर त्याला गाठून माफी मागता येते. सर्वांचे देणे असेल तर कोणाकोणाला गाठणार?

आता एक आक्षेप, आणि तो दुबळा नाही. दिवेआगर-श्रीवर्धनच्या माणसाला ३ जून २०२० हा दिवस विसरता येत नाही. त्या दिवशी ‘निसर्ग’ वादळाने पोफळींच्या बागा जमिनीवर निजवल्या. वडिलांनी लावलेली आणि मुलाने शिंपलेली झाडे दोन-तीन तासांत गेली. सरकारी मदतीचा दर ठरला तो सुपारीच्या झाडाला ५० रुपये आणि माडाला २५० रुपये. नवी पोफळ फळावर यायला कित्येक वर्षे लागतात. तेव्हा बागायतदार म्हणतो : माझे झाड ज्यांनी ५० रुपयांना मोजले, त्यांचे काही हजार चुकून माझ्याकडे आले, फिटंफाट झाली, आता नोटीस कसली?

हे केवळ रागाचे बोलणे म्हणून सोडून देता येणार नाही, कारण आपल्या कोकणातील बहुसंख्य मुसलमान ज्या शाफिई पंथाचे आहेत, त्याच्याच फिकहमध्ये याला एक आधार सापडतो. त्याला ‘मसअलतुज्-जफर’ म्हणतात. एखाद्याकडे तुमचे देणे आहे, तो ते देत नाही, आणि त्याची मालमत्ता तुमच्या हाती लागली, तर आपल्या हक्काइतके तुम्ही त्यातून घेऊ शकता, असे शाफिई फुकहांनी मान्य केले आहे. प्रमाण म्हणून ते हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांची घटना सांगतात : पती अबू सुफियान घरखर्चाला पुरेसे देत नाहीत अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा स्वतःला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढे त्यांच्या मालातून घेण्याची मुभा प्रेषितांनी (स.) दिली.

मग बागायतदाराला ही मुभा लागू होते का? माझ्या मते होत नाही. पत्नीचा पोटगीचा हक्क सिद्ध आणि ठरलेला असतो; पतीला तो नाकारता येत नाही. वादळाच्या मदतीचा हक्क मात्र सरकारने ठरवलेल्या दरापुरताच निर्माण होतो. तो दर अन्यायाचा होता असे माझेही मत आहे, तसे म्हणणे आपला अधिकार आहे, त्यासाठी अर्ज, मोर्चा, न्यायालय हे मार्ग आहेत. पण ‘मला इतके मिळायला हवे होते’ हे मनातले माप म्हणजे कर्ज नव्हे. त्यावर जफर उभा राहत नाही. शिवाय ज्याने विश्वासघात केला त्याच्याशीही विश्वासघात करू नये, ही शिकवण देणारी हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहेच. मात्र ठरलेल्या दराची मदत मंजूर होऊनही एखाद्याच्या हाती पडलीच नसेल, तर त्याची गोष्ट वेगळी. त्याने ती मंजुरी पुढे करून दोन्ही रकमांचा हिशेब लेखी मागावा. त्यात संकोचण्याचे कारण नाही.

‘हे राज्य कुठे आपले आहे’ असे म्हणणाऱ्यांना लांबचे उत्तर द्यावेसे वाटत नाही. परक्या प्रदेशात अभयवचन घेऊन शिरलेल्या मुसलमानालाही तेथील लोकांचा माल फसवणुकीने घेता येत नाही, असे इमाम शाफिई यांनी स्पष्ट सांगितले आहे. आपण तर पाहुणे नाही, या खजिन्यात भर टाकणारे आणि त्यातून रस्ता, दवाखाना, शाळा घेणारे नागरिक आहोत.

येथवर देणेकऱ्याची बाजू झाली. पण जे केवळ एवढेच सांगून थांबतात ते शरीअतचा अर्धाच भाग सांगतात. पवित्र कुरआनच्या ज्या सूरहमध्ये एकमेकांचा माल अन्यायाने खाऊ नये असे बजावले आहे (२:१८८), तिच्यातच पुढे देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक उत्तम, असे सांगितले आहे (२:२८०). फुकहांनी या मुदतीला धनकोची मेहेरबानी मानलेले नाही. ज्याच्याकडे खरोखर नाही, त्याला मुदत देणे धनकोला बंधनकारक आहे. सधन माणसाने टाळाटाळ करणे हा जुलूम, आणि निर्धनाला तगादा लावणे हाही जुलूमच.

मुस्लिम यांच्या संग्रहात ह. अबू सईद खुद्री (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना आहे, ती आपल्या बागायतदारांनी आणि वसुली करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही लक्षात घ्यावी अशी आहे. एका माणसाने फळे विकत घेतली, त्यांच्यावर आपत्ती आली आणि तो कर्जात बुडाला. प्रेषितांनी (स.) लोकांना त्याला दान देण्यास सांगितले. लोकांनी दिले, पण कर्ज फिटेल एवढे जमले नाही. तेव्हा धनकोंना त्यांनी सांगितले की जे हाती आहे ते घ्या, याहून अधिक तुम्हाला मिळणार नाही. आधी समाजाने हात लावला, मग जे होते ते धनकोंनी घेतले आणि बाकीसाठी त्या माणसाचा पिच्छा थांबला. आपल्या मोहल्ल्यात एखाद्या विधवेला दहा-बारा हजारांची नोटीस आली तर जमातीने एकत्र येऊन ती भरावी, असे कोणाला सुचते का? खरे तर कर्जबाजारी हा जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे (९:६०). ज्याने फसवून पैसा घेतला नाही आणि ज्याच्याकडे आज फेडायला काही नाही, त्याच्या या देण्यासाठी जकात वापरण्यास हरकत नाही.

आपल्या देशाचे सर्वोच्च न्यायालयही याच विचाराच्या जवळ आलेले दिसते. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात १८ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना चुकून जास्त दिलेल्या पगाराविषयी निर्णय दिला. वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात निवृत्त होणारे, पाच वर्षांहून अधिक काळ चालू राहिलेली चूक, आणि जेथे वसुली अत्यंत कठोर ठरेल अशी प्रकरणे, यांत वसुली करू नये असे न्यायालयाने सांगितले. पुढे २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने याला एक मर्यादा घातली. जास्त आलेले परत करीन असे ज्याने लिहून दिले होते, त्याला आपल्या शब्दाला बांधून घ्यावे लागेल. हे निर्णय पगाराविषयीचे आहेत; ‘पीएम किसान’ला ते जसेच्या तसे लागू होतात असे मी म्हणत नाही, तो वकिलांचा प्रांत आहे. पण चूक करणारा बलवान आणि चुकीचा भार वाहणारा दुर्बल असेल तर काही भार बलवानाने उचलावा, हा विचार मदरशात शिकलेल्या माणसाला परका वाटत नाही.

दुर्बलावर सगळा भार टाकल्यास काय होते हे नेदरलँड्समध्ये दिसले. तेथे मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी कुटुंबांना सरकारी भत्ता मिळे. कर खात्याने कागदातल्या किरकोळ त्रुटींवरून हजारो पालकांना लबाड ठरवले आणि वर्षानुवर्षांचा पूर्ण भत्ता परत मागितला. दुहेरी नागरिकत्वाच्या नोंदी तपासणीसाठी वापरल्या गेल्या. तो वापर बेकायदा आणि भेदभावाचा होता असा निर्वाळा तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये दिला. भरडल्या गेलेल्यांत तुर्की आणि मोरोक्कन वंशाची पुष्कळ घरे होती. कोणाचे घर गेले, कोणाचा संसार मोडला. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. अपात्र आणि चोर या दोन शब्दांतले अंतर एका प्रगत देशाचे खाते विसरले, त्याचा हा परिणाम. आपल्याकडच्या नोटिशीतला ‘अपात्र’ हा शब्दही गावात चावडीपर्यंत पोहोचेतो ‘लबाड’ होतो, आणि दुर्दैवाने हा अनुवाद सरकार करत नाही, आपण शेजारीच करतो.

म्हणून नोटीस आली की घाबरून पैसे भरण्यापूर्वी ती खरी आहे का, हे पाहावे. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा हा इस्लामी न्यायाचा पाया आहे, आणि सरकार हाही येथे दावा करणाराच आहे. प्राप्तिकर ‘भरणारा’ आणि विवरणपत्र ‘दाखल करणारा’ यांत फरक असतो. दिवेआगरमध्ये घरगुती निवासाचा धंदा करणारे कित्येक जण बँकेच्या कर्जासाठी विवरणपत्र भरतात, पण त्यांच्यावर कर काहीच बसत नाही. वगळण्याची अट कर भरलेल्यांसाठी आहे. अशा माणसाने त्या वर्षाच्या विवरणपत्राची प्रत जोडून लेखी उत्तर द्यावे. त्याच्यावर देणे नाही, आणि नसलेले देणे भीतीपोटी भरण्यात काही पुण्य नाही. ज्याच्यावर देणे आहे पण ऐपत नाही, त्याने हप्ते मागावेत, अर्जाची पोच घ्यावी. देणे-घेणे लिहून ठेवा, आणि ज्याला स्वतः सांगता येत नाही त्याच्या वतीने पालकाने न्यायाने सांगावे, असा आदेश सूरह बकराच्या दीर्घ आयतीत आहे (२:२८२). गावातील शिकलेल्या मुलांनी वृद्धांच्या वतीने हे अर्ज लिहिले तर त्या आयतीवरच अंमल केल्यासारखे होईल.

सर्वांत कठीण प्रश्न सरकारने वसुली सोडून दिल्यावर उद्भवतो. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, दारी चारचाकी नसावी, अशा अटी होत्या आणि त्या पाळल्याचे हमीपत्र अर्जासोबत होते. जुलै २०२५ मध्ये आपल्याच श्रीवर्धन मतदारसंघाच्या आमदार आणि महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळल्याने त्यांचा लाभ थांबवल्याचे जाहीर केले. त्यांत पुरुषांची नावेही निघाली. त्याआधी, त्या वर्षाच्या आरंभी, दिले गेलेले पैसे परत घेणार नाही अशी भूमिका शासनाने मांडली होती. काही बहिणींनी तर आपण होऊन अर्ज मागे घेतले होते.

सरकारने सोडले, म्हणजे अल्लाहपुढेही सुटलो का? शासकाचा प्रजेविषयीचा प्रत्येक निर्णय लोकहिताशी बांधलेला असावा, हा फिकहचा मान्य नियम आहे. ज्या गरीब बाईला नियम नीट कळला नाही, तिचे देणे सोडणे हे लोकहितच आहे; तिने निश्चिंत असावे. पण दारात गाडी उभी असताना गाडी नाही असे ज्याने सही करून लिहिले, पुरुष असून बहिणीच्या यादीत ज्याने नाव घातले, त्याला सोडण्यात कोणते लोकहित? मंत्री फार तर वसुलीचा हक्क बाजूला ठेवतील. खोट्या सहीचा हिशेब त्यांच्या दफ्तरात नाही. अशा माणसाने तौबा करावी आणि रक्कम परत करावी. कार्यालय घेत नसेल, तर इमाम गजाली यांनी बैतुलमालच्या हडपलेल्या धनाविषयी सांगितलेली वाट आहे : ते सर्वांच्या उपयोगाच्या कामात, पूल-रस्त्यांसारख्या कामात खर्च करावे. आपल्या गावात शाळेची पाण्याची टाकी आहे, आरोग्य उपकेंद्र आहे. त्यावर आपल्या नावाची पाटी मात्र लावू नये. हे दान नव्हे, परतफेड आहे.

ह. अबू बकर (रजि.) यांनी मृत्युशय्येवर मुलगी ह. आयेशा (रजि.) यांना सांगितले की खिलाफत स्वीकारल्यापासून माझ्या मालमत्तेत जे वाढले असेल ते नंतरच्या खलिफाकडे पाठवून द्या. पाहिले तर एक सेवक आणि बागेला पाणी ओढणारा एक उंट, असे किरकोळ निघाले. ते पुढे आले तेव्हा ह. उमर (रजि.) रडले आणि म्हणाले की अबू बकर यांनी आपल्यामागून येणाऱ्यांचे काम फार अवघड करून ठेवले. त्यांच्याकडे कोणी नोटीस पाठवली नव्हती.

मृत्यूचा विषय निघालाच आहे, म्हणून वारसांविषयी थोडे. कोकणात सातबारा वर्षानुवर्षे वडिलांच्या नावावर राहतो आणि त्यांच्या पश्चात नोटीसही त्यांच्याच नावाने येते. वडील हयात असताना अपात्रतेमुळे जे देणे झाले, ते त्यांच्या मालातून वाटणीपूर्वी फेडावे. कुरआनने वारसांचे हिस्से सांगताना वसियत आणि कर्ज यांनंतर असेच सांगितले आहे (४:११). माल नसेल तर मुलांवर स्वतःच्या खिशातून भरण्याची सक्ती नाही. भरले तर तो वडिलांवरचा उपकार. पण वडिलांच्या मृत्यूनंतरही जे हप्ते त्यांच्या खात्यात येत राहिले, ते त्यांच्या वारशाचा भागच नव्हेत. त्यांचे कार्ड ज्याच्याजवळ होते आणि ज्याने ते पैसे काढले, देणे त्याचे एकट्याचे आहे. ते वाटणीच्या हिशेबात सगळ्या भावंडांवर टाकू नये, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या हिश्शातून तर मुळीच कापू नये.